एंडोमेट्रिओसिस आणि आतून चिकटलेलं पोट : गोव्यात राहून योग्य सर्जन कसा शोधायचा

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, ओटीपोटात वाढणं. त्याने आतले अवयव एकमेकांना चिकटतात. या आजारात पहिली शस्त्रक्रिया सगळ्यात मोलाची. दुसऱ्यांदा आत जाताना आधीच्या शस्त्रक्रियेमुळे चिकटलेले भाग वाटेत येतात, थर ओळखू येत नाहीत आणि मूत्रवाहिनीला किंवा आतड्याला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘एकदा दुर्बीण घालून बघूया काय आहे ते’ असं कुणी म्हटलं, तर होकाराआधी विचारा : आत जे सापडेल ते त्याच वेळी पुरतं काढायची तयारी आहे का? नसेल तर ती दुर्बीण थांबवलेली बरी. निव्वळ निदानासाठी आता तिची सरसकट गरज उरलेली नाही. मानवी प्रजननावर काम करणाऱ्या युरोपातल्या एश्रे संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तपासण्यांत काही दिसत नसेल किंवा औषधांनी गुण येत नसेल तेव्हाच ती निदानासाठी करावी.

सर्जन शोधण्याआधी आजार कुठंकुठं पसरलाय ते कागदावर हवं, कारण त्यावरच कोणता सर्जन लागणार हे ठरतं. नेहमीच्या सोनोग्राफीत ‘गर्भाशय नॉर्मल, डाव्या अंडाशयात ४ सेंमी सिस्ट’ एवढंच लिहून येतं. चिकटलेले भाग त्यात थेट दिसत नाहीत, पण ओळखता येतात. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत प्रोबने हलका दाब दिला की गर्भाशय आणि मागचं गुदाशय एकमेकांवरून सरकायला हवेत. सरकले नाहीत तर मागची जागा चिकटून बंद झाल्याची दाट शक्यता असते. दोन्ही अंडाशयं गर्भाशयामागे एकमेकांना टेकलेली दिसणं ही दुसरी खूण. त्यामुळे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या : ‘डीप एंडोमेट्रिओसिस, स्लायडिंग साइन, युटेरोसॅक्रल लिगामेंट, गुदाशय आणि दोन्ही किडन्या बघाव्यात.’ स्लायडिंग साइन म्हणजे वर सांगितलेलं सरकणं, आणि युटेरोसॅक्रल लिगामेंट म्हणजे गर्भाशयाला मागून धरणारे बंध. किडन्या मुद्दाम, कारण मूत्रवाहिनी आवळली गेली तरी दुखतंच असं नाही आणि किडनी गुपचूप निकामी होत जाते.

अविवाहित मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे बहुधा पोटावरूनच उरकतात. खोलवरचा आजार त्यात सहज निसटतो. तिथं ओटीपोटाचा एमआरआय मागावा, आणि त्याच्याही चिठ्ठीवर एंडोमेट्रिओसिसचा संशय लिहिलेला असावा. सीए-१२५ या रक्ततपासणीवर निदान ठरवू नका. पोटाच्या क्षयातही ती वाढते. क्षयाचं सांगायचं कारण असं, की ओटीपोट आतून चिकटवणारा तो दुसरा मोठा आजार आपल्या देशात आहे. पूर्वी क्षय झाला असेल किंवा घरात कुणाला झाला असेल, तर ते आपणहून सांगा.

आता शोध. ‘लॅप्रोस्कोपिक सर्जन’ या पाटीवरून फारसं कळत नाही. दुर्बिणीने गर्भपिशवी काढणं वेगळं, आणि गुदाशयाला चिकटलेला आजार सोलून काढणं वेगळं. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी गोवा मेडिकल कौन्सिलकडे किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत तपासता येते. पण अनुभव कळतो तो समोर बसून विचारल्यावरच.

आजार आतड्यापर्यंत पोचलेल्या केसेस वर्षाला किती करता? त्यांतल्या किती जणींना गुंतागुंत झाली? गरज पडली तर आतड्याचे सर्जन आणि युरॉलॉजिस्ट ऑपरेशनला हजर असतील की ऐन वेळी फोन करून बोलवाल? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त सांगून जातो. आतड्यावरचा आजार नुसता खरवडणार, चकतीएवढा भाग काढणार की तुकडाच कापणार, हेही विचारा. तात्पुरती शौचाची पिशवी लागण्याची शक्यता संमतिपत्रावर सही करण्याआधी समजायला हवी. खोलवरची गाठ वरून जाळली तर मूळ आतच राहतं, ती कापूनच काढावी लागते. वरवरच्या ठिपक्यांबाबत मात्र जाळणं की कापणं यात एवढा फरक दिसलेला नाही.

चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजाराने अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ, नुसती रिकामी केली तर ती बहुधा पुन्हा भरते. तिचं आवरण सोलून काढलं तर सोबत थोडी निरोगी बीजांडंही जातात. दोन्ही बाजूंना सिस्ट असेल आणि मूल हवं असेल, तर आधी एएमएच (बीजांडांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासा आणि वंध्यत्वाच्या डॉक्टरांशी बोला, ऑपरेशन झाल्यावर नव्हे. ‘गर्भपिशवीच काढून टाका, सुटलात’ हा सल्ला मिळाला तर विचारा, की पिशवीबाहेर जो आजार आहे त्याचं काय.

नुसतं चिकटलंय म्हणून सोडवायला जाऊ नये. सोडवलेली जागा पुन्हा चिकटू शकते. दोन भागांमध्ये अडथळा म्हणून ठेवायचं जेल किंवा जाळी वापरली तर प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. ‘परत चिकटणार नाही’ अशी हमी देणाऱ्याकडून उठून यावं. मात्र पोट फुगलं, वारंवार उलट्या होऊ लागल्या आणि वायू सरायचा थांबला, तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा ओपीडीची तारीख बघत बसू नका, १०८ला फोन करून कॅज्युअल्टी गाठा.

गोव्यात सुरुवात म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातून किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) करता येते. गोमेकॉचा फायदा म्हणजे स्त्रीरोग, सर्जरी आणि युरॉलॉजी एकाच आवारात. खाजगीत गेलात तर हीच माणसं एकत्र येतात का ते बघा. आजार आतड्यात किंवा मूत्रवाहिनीत खोल असेल, तर मुंबई-पुण्याचं दुसरं मत घेणं शहाणपणाचं. त्यासाठी लगेच कोकणकन्या एक्स्प्रेस पकडायला नको. एमआरआयची सीडी, आधीच्या ऑपरेशनच्या नोट्स आणि बायोप्सीचा रिपोर्ट पाठवून व्हिडिओवर बोलता येतं. नुसती फिल्म पाठवून भागत नाही, सीडीच मागतात. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात, म्हणून इस्पितळाकडून ऑपरेशनच्या पूर्ण नोट्स आणि व्हिडिओ मागून घ्या.

बाहेर ऑपरेशन करायचं ठरलं तर परतीचं तिकीट घाईने काढू नका. आतड्याला टाके पडले असतील तर ते गळण्याचा धोका पहिल्या आठ-दहा दिवसांत जास्त असतो. ताप आला, नाडी जलद झाली, पोटदुखी वाढत गेली तर त्याच इस्पितळात पोचता आलं पाहिजे. बेळगावला जाणाऱ्यांनी पावसाळ्यात चोर्ला घाटाचाही विचार करावा.

पैशांचं आधी बघा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचं संरक्षण आहे. गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. मंजुरी फक्त ‘सिस्ट काढणे’ याची आली असेल आणि आत आतड्याचं काम निघालं तर खर्च कोण देणार, हे भरती होण्याआधी लेखी विचारा. राज्यात न मिळणाऱ्या उपचारांसाठी सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. तिची चौकशी पणजीत कांपालला आरोग्य संचालनालयात करा, आणि उपचारांसाठी बाहेर जाण्याआधीच मंजुरी घ्या. खाजगी पॉलिसी असेल तर स्त्रीरोगांसाठी ठरावीक वर्षांची प्रतीक्षा आहे का, तेही वाचून काढा.

शेवटचा प्रश्न ऑपरेशननंतरच्या गोळ्यांचा. इतक्यात मूल नको असेल तर आजार परतू नये म्हणून डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिग्रॅ रोज किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं देतात, अनेकदा दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. कोणतं औषध, किती काळ आणि पहिली सोनोग्राफी कधी, हे डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या.