दूध कमी नसतं, फनेल मोठं असतं: पंप वापरताना या चुका टाळा

दूध काढायचा पंप लावला, अर्धा तास बसली, बाटलीचा जेमतेम तळ झाकला गेला, आणि घरात निकाल लागला: हिला दूध नाही. सोलापुरात बाळंतिणींसोबत काम करताना हा निकाल माझ्या कानावर सतत येतो. मी आधी पंप मागवून बघते. फार वेळा दोष साहित्यातच सापडतो आणि बोल मात्र बाळंतीण खाते.

पंपाच्या डब्यातून आलेलं फनेल (स्तनावर बसवायचा नरसाळ्यासारखा भाग) तसंच वापरणं, ही सगळ्यात मोठी चूक. पुष्कळ पंपांसोबत २४ मिलिमीटरचं फनेल येतं, काहींसोबत त्याहून मोठं. कितीतरी बायकांना ते सैल होतं. चपलेचं माप बघून घेणारी माणसं इथे माप विचारतच नाहीत.

जुळे सोलापूरची बँकेत काम करणारी एक मुलगी आठवते. रजा संपत आली म्हणून तिने दूध काढायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचं मिळून २० मिली. माहेरच्यांनी दुसरा, महागडा पंप आणला. तेवढंच. सासूबाईंनी अळिवाची खीर केली, मेथीचे लाडू केले, शतावरी दिली. शेवटी पावडरचा डबा आला. माझ्याकडे आली तेव्हा रडून तिचे डोळे सुजले होते. मी म्हटलं, "अगं, औषध राहू दे. पंप माझ्यासमोर लाव." लावला, तर स्तनाग्राभोवतीचा काळा भाग अर्ध्यापर्यंत आत ओढला जात होता. सगळा ताण कातडीवर येत होता, आतल्या दुधाच्या नळ्या दाबल्या जात होत्या आणि ती दात-ओठ खाऊन बसली होती. मुलांच्या कंपासमधल्या पट्टीने स्तनाग्र मोजलं तर १५ मिलिमीटर भरलं. फनेलच्या आत बसवून त्याचं माप लहान करणारे, १७ मिलिमीटरचे सिलिकॉनचे इन्सर्ट मागवले, काही शे रुपयांचे. आले त्याच दिवशी, त्याच पंपावर, दूध दुपटीहून जास्त निघालं. पुढे डबाही बंद झाला. त्या पोरीने इतके दिवस स्वतःला दोष दिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मोजायचं ते स्तनाग्र, बुडाशी, आडवं. काळा भाग त्यात धरायचा नाही. पंप करण्याआधी मोजा, नंतर सूज असते. फनेल त्या मापापेक्षा १ ते ३ मिलिमीटर मोठं असावं. दोन्ही बाजूंची मापं वेगळी निघाली तर दोन वेगळी फनेलं वापरा. काळा भाग फार आत जात असेल तर फनेल मोठं आहे. स्तनाग्र भिंतीला घासून सोलवटत असेल तर लहान. मी कडेला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवायला सांगते.

याच्याच पाठोपाठ येते ओढ वाढवण्याची घाई. बटण शेवटच्या आकड्यावर नेलं की दूध वाढेल, असं नव्या आयांना वाटतं. दुखलं की पान्हा अडतो. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं हलकी आणि भराभर ओढ ठेवा, पान्हा फुटला की सावकाश आणि थोडी खोल. दुखायला लागण्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. आणि बाटलीकडे टक लावून बसू नका. बाळाचं टोपरं बाटलीवर घाला आणि बाळाकडे बघा. बाळ ओढून घेतं तेवढं दूध यंत्राला सहसा काढता येत नाही, त्यामुळे बाटलीतल्या रेघेवरून आईचं दूध मोजू नये. बाळाची लघवी आणि वजन बघावं.

तिसऱ्या दिवशीच पंप लावून "किती आहे ते बघू" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी स्पष्ट नाही म्हणते. पहिले दिवस चिकाचे. तो थेंबाथेंबाने येतो आणि पंपाच्या भागांनाच चिकटून राहतो. बाळ ओढत नसेल तर चीक हाताने दाबून चमच्यात काढायचा आणि चमच्यानेच पाजायचा.

मेडिकलमध्ये "पंप द्या" म्हटलं की कधी कधी रबरी फुग्याचा, भोंग्यासारखा स्वस्त पंप हातात येतो. घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं आणि तो आतून नीट धुताच येत नाही. त्यापेक्षा हाताने काढलेलं बरं.

नणंदेचा जुना पंप आणलाय? मोटरमध्ये दूध शिरू न देणारा, बंद पद्धतीचा असेल तरच वापरा, आणि फनेल, व्हॉल्व्ह, नळी नवीन घ्या.

पंपाची ओढ अचानक कमी झाली की लोक मशीन दुरुस्तीला नेतात. आधी व्हॉल्व्ह बघा. बदकाच्या चोचीसारखा तो छोटा सिलिकॉनचा तुकडा ब्रशने घासला की फाटतो, रोजच्या वापराने सैलही पडतो. तो बोटानेच धुवा, आणि एक जोडी कायम जास्तीची ठेवा. नळीत वाफेचे थेंब दिसले तर दूध काढून झाल्यावर पंप नुसता थोडा वेळ चालू ठेवा. काळे डाग दिसले तर नळी फेकून द्या.

आता उन्हाळ्याचं. साठवणुकीचे तक्ते सांगतात, काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं. त्याच ओळीत २५ अंशांपर्यंत असंही लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून वाईट स्थिती असते. एमआयडीसीतल्या गारमेंट युनिटमध्ये काम करणारी एक बाई दुपारी काढलेलं दूध ओल्या फडक्यात गुंडाळून संध्याकाळी घरी न्यायची. दूध आंबायचं आणि ती स्वतःच्या आहाराला दोष द्यायची. जाड अस्तराची थंड पिशवी आणि जेलचे आइस पॅक एवढीच तिची गरज होती. पॅक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून दगडासारखे घट्ट झालेले असले तर त्या पिशवीत दूध २४ तासांपर्यंत चांगलं राहतं. एसटीने जात असाल तर पिशवी मांडीवर घ्या, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. सुटा बर्फ मात्र नको, त्याचं पाणी झाकणातून आत जातं.

फ्रिजमध्ये दूध मागच्या बाजूला ठेवा, दारात नाही. तिथे ४ दिवस. आतच छोटा फ्रीझर असलेल्या एका दाराच्या फ्रिजमध्ये गोठवलं तर दोन आठवड्यांत संपवा. सहा महिन्यांचा हिशेब वेगळं दार असलेल्या, उणे १८ अंशांच्या फ्रीझरचा आहे. पिशवीत ६० ते १२० मिलीच भरा, वर जागा सोडा, तारीख लिहा. एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायचं. लाइट जाते म्हणून मी फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगते. नाणं खाली बसलेलं दिसलं, तर तुमच्या गैरहजेरीत बर्फ वितळून गेला होता.

घरातल्या आजींना आधीच समजावून ठेवा. साय वर आली म्हणजे दूध फाटलं नाही. बाटली हलकेच गोल फिरवली की मिसळतं. आणि म्हशीच्या दुधासारखं ते उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करा. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं पुरतं, बाटली-निपल लागतच नाही.

वापरलेले भाग न धुता फ्रिजमध्ये टाकून संध्याकाळी पुन्हा लावायचे, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. नळाला रोज पाणी येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच महागड्या पंपाऐवजी साधा पंप आणि भागांचा दुसरा सेट घ्या म्हणते. धुण्यासाठी वेगळा टब ठेवा, बेसिनमध्ये नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी रोज एकदा ५ मिनिटं उकळा, गजर लावून. भांडं कोरडं पडलं की व्हॉल्व्ह चिकटून वाया जातात. बोअरच्या पाण्याने पांढरा थर बसतो, म्हणून उकळायला फिल्टरचं पाणी घ्या. मग स्वच्छ फडक्यावर आपोआप वाळू द्या. सोलापुरी टेरी टॉवेलचे छोटे तुकडे शिवून ठेवलेत तर उत्तम, पण ते फक्त यासाठीच. स्वयंपाकघरातल्या हात पुसायच्या टॉवेलने भाग पुसू नका.

छातीत दुखरी गाठ, लाली, थंडी वाजून ताप असं काही झालं तर "पंपाने मोकळं करते" म्हणत जोर लावू नका. त्याने सूज वाढते. बाळाला नेहमीसारखं पाजत राहा, गार पाण्याची घडी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.