वाटण रविवारी, तिखट शेवटी

घरात लहान मूल असेल तर रोज कांदा-खोबरं भाजायच्या भानगडीत पडू नका. रविवारी एकदाच करा. चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर लालसर परता. वाटीभर किसलेलं सुकं खोबरं वेगळं, मंद आचेवर भाजा आणि पुरतं तांबूस व्हायच्या आधीच गॅस बंद करा. कढईच्या उष्णतेवर ते पुढे रंगत राहतं. करपलं तर अख्खं वाटण कडू. आलं-लसूण घालून कमीत कमी पाण्यात वाटा (मिक्सर बाळ झोपायच्या आधी!), बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाका. तुकडे गोठले की डब्यात काढा. महिनाभर छान राहतात.

यात मीठ-तिखट मात्र अजिबात नको. मटकीच्या उसळीत दोन तुकडे आणि हळद घाला, मटकी मऊ शिजली की पिल्लाची वाटी आधी काढा, कुस्करून भाताबरोबर भरवा. मग उरलेल्या उसळीत मीठ, गोडा मसाला. लाल तिखट थेट रश्श्यात टाकलं तर कच्चट लागतं, म्हणून पळीत तेल तापवून, गॅस बंद करून त्यात तिखट घाला आणि वरून ओता. तर्रीही मस्त येते.