हौदावरचा फ्लोट स्विच सेल खायचा, त्यावर केलेला इलाज

रावेरकडे मामांच्या केळीच्या बागेत हौदावर वायरलेस नोड (रेडिओने खबर देणारा छोटा बोर्ड) बसवलाय: एनआरएफ५२८३२ चिप, सीआर२०३२ सेल आणि बटणासारखा जोडलेला फ्लोट स्विच, म्हणजे हौद भरला की मिटणारा तरंगता स्विच. झोपेत चिप जेमतेम २ मायक्रोअँपिअर घेते, तरी सेल दीड-दोन महिन्यांत संपायचा.

कारण पुल-अप, म्हणजे स्विच उघडा असताना चिपची पिन सेलच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर. बटण माणूस क्षणभर दाबतो. हौद भरला की फ्लोट मात्र तासन्‌तास मिटलेला राहतो. चिपमधला पुल-अप साधारण १३ किलोओहमचा, म्हणजे ३ व्होल्टला २३० मायक्रोअँपिअर सरळ ग्राउंडला. स्विच सतत मिटलेला धरला तर २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल ४० दिवसांत रिकामा!

आतला पुल-अप बंद करून बाहेरून १ मेगाओहम लावला. आता मिटलेल्या स्विचमधून फक्त ३ मायक्रोअँपिअर जातात. पण फ्लोट उघडा असताना अशी लाइन फार हलक्या कानाची होते. मोटरचा स्टार्टर पडला की खोटा सिग्नल. म्हणून पिन आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशीर होतो, हौदाला त्याचं काय!

पिन बदलल्याची खबर घ्यायला कोडमध्ये ‘इन’ इव्हेंटऐवजी (एकेका पिनवर वेगळा पहारा) ‘पोर्ट’ इव्हेंट (सगळ्या पिनांवर कमी करंटचा सामाईक पहारा) घ्या, झोपेतला करंट बराच उतरतो. मात्र प्रत्येक बदलानंतर सेन्सची पातळी (पिन कुठल्या पातळीला गेली की चिप जागी होते, ती) उलटी करायला विसरू नका.

आणि बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन वर कोटिंग माराच. पाण्याजवळच्या दमटपणात सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स करंटची गळती करतो, मग १ मेगाओहमवर उघडा स्विचही मिटलेला दिसू शकतो.