सिव्हियर प्रीएक्लॅम्प्सियात कळा आणताना या चुका टाळा

प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बीपी चढणारा आजार. तो सिव्हियर झाला की बीपी १७०/११५, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे काजवे, आणि लेबर रूममध्ये कोणीतरी लगेच म्हणतंच, चला सिझर करून टाकू. अरे थांबा जरा! सिव्हियर आहे म्हणजे सिझरच असं काही नाही, बाळ-बाळंतीण धीर धरू शकत असतील तर कळा आणून नॉर्मल डिलिव्हरी करणंच चांगलं, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असलेल्या बाईला तर ऑपरेशन टळलं तेवढं बरंच.

पण उलटी चूकही तितकीच होते, बीपी तसंच ठेवून आधी कळा आणायची गोळी ठेवायची. १६०/११० च्या वर बीपी राहिलं की मेंदूत रक्तस्रावाची भीती, म्हणून ३० ते ६० मिनिटांच्या आत लॅबेटॅलॉल, हायड्रॅलाझिन किंवा निफेडिपिन यातलं बीपी उतरवणारं काहीतरी सुरू व्हायलाच हवं. आणि बीपी मोजताना कफ बघा हो, जाड दंडाला छोटा कफ लावला तर खोटं जास्त येतं, डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताला लावला तर खोटं कमी. त्या खोट्या आकड्यावर निर्धास्त होणारे मी बघितलेत.

मॅगसल्फचं (मॅग्नेशियम सल्फेट, झटके म्हणजे फिट टाळणारं औषध) तसंच. लोडिंग म्हणजे पहिला मोठा डोस ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि ते फिट यायची वाट न बघता, आधीच. मॅगपाय ट्रायलमध्ये (२००२, सुमारे १० हजार बायका) मॅगमुळे झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं होतं. पण एकदा ड्रिप लावली की विसरायची नाही, मॅग अंगात जास्त तर होत नाही ना ते बघत राहायचं. हातोडी घ्या, गुडघ्याखाली हलकेच मारा, पाय उडतोय का बघा. जर्क (पायाची ती उडी) गेला, श्वास मिनिटाला १२ च्या खाली, किंवा लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी, तर मॅग बंद. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम हळूहळू, म्हणून ते अँप्युल उशाशीच ठेवायचं, रात्री तीनला स्टोअरची किल्ली शोधत बसायला लागू नये.

सगळ्यात जास्त गडबड सलाईनची. लघवी कमी दिसली की कोणीतरी बाटली उघडी सोडतं, आणि यांच्या फुफ्फुसात पाणी भरायला वेळ लागत नाही. मॅग, ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध) सगळं धरून तासाला साधारण ८० मिली, बस्स. म्हणून ऑक्सिटोसिन थोड्या पाण्यात घट्ट करून पंपाने द्या.

गर्भाशयाचं तोंड कच्चं असेल तर ते पिकवायला मिसोप्रोस्टॉलची गोळी २५ मायक्रोग्रॅम किंवा फोलीचा फुगा (टोकाला फुगा असलेली रबरी नळी). आधीचं सिझर असेल तर मिसो नको, आणि मिसोनंतर ४ तास जायच्या आत ऑक्सिटोसिन नको. सहा तासांत काही झालं नाही म्हणून इंडक्शन (कळा आणणं) फेल म्हणायची घाई करू नका, पहिलटकरणीचं तोंड उघडायला वेळ लागतोच, मात्र बाळाचे ठोके बिघडले किंवा बीपी आवरेना तर धीर धरणं संपलं.

वार पडल्यावर रक्तस्राव आवरायला सवयीने मेथर्जिन टोचलं जातं, ते इथे अजिबात नको, बीपी भडकतं, ऑक्सिटोसिन द्या. मॅग त्यानंतरही २४ तास. आणि घरी सोडताना नातेवाईकांना सांगा की बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी परत चढू शकतं, बाळंतिणीचं डोकं दुखायला लागलं तर बाम चोळत बसू नका, लगेच घेऊन या.