कानाची वरची कड सुजलीय? या चुका टाळा

भिकबाळीसाठी किंवा बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं आणि चार दिवसांनी कान लालबुंद होऊन ठणकायला लागला. त्या कुशीवर झोपताही येत नाही. घरात सांगतात, "टोचल्यावर होतंच असं, हळद-खोबरेल लाव, बसेल." पहिली चूक इथेच होते.

कानाच्या खालच्या मऊ पाळीत नुसती कातडी आणि चरबी असते, रक्तपुरवठाही भरपूर, म्हणून ती जखम सहसा भरून येते. वरच्या भागात मात्र कूर्चा, म्हणजे हाडासारखा पण वाकणारा भाग असतो. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातूनच तिचं पोषण होतं. त्या आवरणात जंतू शिरले की होतो तो पेरिकाँड्रायटिस. पू साठून आवरण सुटलं, तर कूर्चा उपाशी मरते आणि कान कायमचा चुरगळतो. तालमीतल्या पैलवानांचे कान पाहिलेत ना? तिथे मुका मार लागून पुवाऐवजी रक्त साठतं, पुढचं सगळं तेच.

आरशासमोर उभे राहा आणि दोन्ही कान ताडून पाहा. दुखऱ्या कानाच्या घड्या बुजलेल्या, कड जाड, बोट लावू देत नाही, पण पाळी मऊ आणि नेहमीच्या रंगाची. हीच मोठी खूण, कारण पाळीत कूर्चाच नाही. पाळीही लाल असेल, तर बहुधा कातडीचा संसर्ग असतो. पाण्याचे बारीक फोड आले किंवा तोंड वाकडं झालं, तर ती नागीण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि टोचलेलं नाही, मार नाही, तरी कधी हा कान कधी तो सुजतो, सांधे दुखतात, डोळे लाल होतात? मग शरीराची प्रतिकारशक्तीच कूर्चेवर उलटली असेल. त्याला अँटिबायोटिक नाही, वेगळेच उपचार लागतात.

दुसरी चूक घरात उरलेल्या गोळ्यांची. इथे बहुतेक वेळा सुडोमोनास हा ओलाव्यात वाढणारा जंतू असतो आणि अमॉक्सिसिलिन त्याला लागू पडत नाही. 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कान टोचण्याच्या एका स्टॉलवरून अशी साथ पसरली, तेव्हा तो चक्क जंतुनाशकाच्या बाटलीत सापडला होता! मोठ्यांना डॉक्टर सहसा सिप्रोफ्लॉक्सासिन देतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी औषध डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका.

बोटाने दाबल्यावर सूज पिचपिचीत लागली, म्हणजे आत पू झालाय. तो नुसत्या गोळ्यांनी जात नाही आणि घरी सुई खुपसून तर मुळीच काढायचा नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ चीर देऊन काढतात, पू तपासायला पाठवतात आणि कानाच्या घड्यांत कापूस बसवून दाबपट्टी बांधतात. घट्ट वाटते म्हणून ती पट्टी स्वतःहून सोडू नका. दाब गेला की त्याच पोकळीत पुन्हा पाणी भरतं.