पारसिकच्या डोंगरावर नाट्यगृह काढताय? आधी रिक्षा स्टँड काढा

दरवर्षी आर्किटेक्चरच्या थिसिसच्या ज्युरीला बसलो की एक तरी पोरगं नवी मुंबईतल्या पारसिक हिलच्या टोकावर कॉन्सर्ट हॉल आणि सांस्कृतिक केंद्र घेऊन येतंच, आणि पहिल्या शीटवर नेहमी तेच, खाडीवरचा सूर्यास्त, पंख पसरल्यासारखं छप्पर, खाली बारीक बारीक बेलापूर. व्ह्यू मस्तच असतो हो, पण नाटकाला आलेला माणूस अडीच तास त्या व्ह्यूकडे पाठ करून अंधारात बसणार आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, कुणाला थिसिसला उपयोगी पडेल, कुणाला खऱ्या कामाला.

साइट व्हिजिट ड्रोनने करू नका. शनिवारी संध्याकाळी साडेसातला आजीला बरोबर घेऊन बेलापूर स्टेशनवरून निघा आणि बघा, रिक्षावाला वर यायला तयार होतो का, किती मागतो, आणि मुख्य म्हणजे रात्री साडेअकराला खाली आणायला वर कोण आहे. आपल्या नाटकांना आणि मैफलींना साठीच्या पुढचे प्रेक्षक किती असतात ते कुठल्याही बुकिंग खिडकीवर उभं राहून दिसतं. ठाण्याचं गडकरी रंगायतन 1978 पासून भरतंय ते काही एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, बघून नाही, स्टेशनवरून चालत जाता येतं, बाहेर तलावपाळी आहे, प्रयोग सुटल्यावर पंधरा मिनिटं रेंगाळता येतं. डोंगरावर यातलं काहीच आयतं मिळत नाही, सगळं तुम्हाला ड्रॉ करायचंय. आणि "रॅम्प देतो सर" म्हणण्याआधी गुणाकार करा, व्हीलचेअरचा रॅम्प 1:12, म्हणजे 10 मीटर चढायला 120 मीटर रॅम्प, वर मधले सपाट टप्पे वेगळे. म्हणजे लिफ्ट हवी, आणि एक नाही, मोठ्या दोन तरी.

दुसरा पाहुणा सेटचा ट्रक. इथे माझीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या हॉलचं काम माझ्याकडे होतं, लोडिंगचं दार मी मागे काढलेलं, प्लॅनवर एकदम झकास, फक्त तिथपर्यंत ट्रक वळतच नव्हता. पहिल्याच प्रयोगाला अख्खा सेट समोरच्या बावीस पायऱ्यांवरून हातांनी चढवला. बॅकस्टेजचे एक दादा घामाने निथळत माझ्यापाशी आले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही कधी थ्री-सीटर सोफा उचललाय का?" तेव्हापासून मी प्लॅन ट्रकच्या चाकांपासून सुरू करतो. ट्रक रिव्हर्स न मारता वळला पाहिजे, मागचा फाळका आणि लोडिंगचा ओटा एका लेव्हलला, म्हणजे साधारण 1.2 मीटर, आणि ओटा ते स्टेज एकही पायरी नको. विंगेतही जागा सोडा, सेट तिथेच थांबतो.

आता डोंगर. माझं स्पष्ट मत, टोक रिकामं ठेवा. त्यावर चढून बसण्यापेक्षा अंगात शिरा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचं भोपाळचं भारत भवन हे कला केंद्र (1982) बघा, तलावाच्या काठच्या उतारावर आहे, वरून आलात तर आधी नुसत्या गच्च्या आणि बागा दिसतात, मग पायऱ्या उतरत चौकाचौकांतून दालनं उलगडतात. लांबून टेकडी टेकडीच राहते. आणि गंमत म्हणजे नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी ते एक, त्यांचीच आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वसाहत बेलापूरला आहे, तरी आमची पोरं रेफरन्सला सिडनीचं ऑपेरा हाउस लावतात.

पारसिकच्या रांगेत वर्षानुवर्षं दगडाच्या खाणी चालल्या, डोंगर ठिकठिकाणी कापलेला आहे. नवीन कापण्यापेक्षा अशी जुनी खाण शोधा. तिच्या तळापर्यंत डंपरचा रस्ता असतो, म्हणजे ट्रक, बस, रिक्षा सगळ्यांचा प्रश्न तिथेच निम्मा सुटला. स्टेज खाणीच्या तळाला, खुर्च्या उताराबरोबर वर चढत जाणाऱ्या, फॉये, म्हणजे हॉलबाहेरचं थांबायचं दालन, सगळ्यात वर आणि तळापासून फॉयेला लिफ्ट. इंटरव्हलला सूर्यास्त-बिर्यास्त काय तो तिथून बघू दे. स्टेजवरचा टॉवर, जिथे पडदे आणि सीन वर ओढले जातात, तो स्टेजच्या उघड्या भागाच्या अडीच-तीनपट उंच लागतो, 7 मीटर असेल तर 18-20 मीटर. टोकावर बांधलात तर पाण्याच्या टाकीसारखा अख्ख्या शहराला दिसेल, खाणीत तो डोंगराच्या रेषेखालीच राहतो. नवी मुंबईचं विमानतळ जवळच उलव्याला, त्यामुळे उंचीची एनओसी लागणारच, तिथेही हे सोपं जातं. जमीन डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, कुठल्या झोनमध्ये आहे, वनखात्याची आहे का, हे पहिल्या आठवड्यात बघा, डिझाइन आवडून बसल्यावर नको.

दगड बेसाल्ट आहे, "पक्का खडक आहे सर" म्हणून विषय संपवू नका. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल मातकट पट्टा असतो, पावसात तो मऊ होतो आणि त्यावरचा भाग सरकू शकतो. बोअर घेऊन आतल्या खडकाचे नमुने काढा, जिओलॉजिस्टला दाखवा, वरून येणारं पाणी कड्याच्या आधीच चरातून वळवा. वाऱ्याचंही तसंच. आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, मुंबईच्या वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद, आणि डोंगरासाठीचा गुणक 1.36 पर्यंत जातो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे टोकावर जवळपास 1.85 पट. पंखवालं छप्पर काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

आता आवाज, खरा जीव इथे आहे. सॅबाइनचं सूत्र पाठ करा, घुमण्याचा काळ म्हणजे 0.161 गुणिले हॉलचं घनफळ भागिले एकूण शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा किती चौरस मीटर पृष्ठभाग आहे ते. समजा 800 खुर्च्या, माणशी 7 घनमीटर, म्हणजे 5,600. माइक नसलेल्या मैफलीला 1.6 सेकंद ठेवलं तर शोषण लागतं साधारण 564 चौरस मीटर. नाटकाला 1.6 ठेवलंत तर शब्द एकमेकांत कालवले जातील, तिथे 1.1 हवं, मग शोषण जातं 820 वर. फरक 256. जाड चुणीदार पडद्याचा गुणांक 0.6 धरला, म्हणजे पडलेल्या आवाजातला साठ टक्के तो गिळतो, तर भिंतींवर सरकणारे सव्वाचारशे चौरस मीटर पडदे लागतील, नाटकाला बाहेर, मैफलीला आत. एवढे पडदे कुठे लपणार ते आधी ठरवा, नाहीतर इंटिरियरवाला लाकडी पॅनल मारून मोकळा होतो आणि हॉल कायमचा एकाच कामाचा राहतो. खुर्च्या गादीच्या घ्या, म्हणजे हाउसफुल्ल आणि अर्धा रिकामा यात आवाज फार बदलत नाही. मागची भिंत सपाट ठेवू नका, थेट आवाजापेक्षा 17-18 मीटर जास्त फिरून आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू यायला लागतो. आणि एकदा तरी मुंबईच्या एनसीपीए कला केंद्राच्या टाटा थिएटरमध्ये (1980) शेवटच्या रांगेत बसून या, माइकशिवाय ऐकता यावं म्हणूनच ते केलेलं आहे.

डोंगर म्हणजे शांतता हाही एक गैरसमजच. मध्ये आडवं काही नसल्याने हायवे, लोकल, वरातीचा बँजो, सगळं थेट वर येतं, त्यात आता विमानं. दुहेरी भिंती, दोन दारांमध्ये छोटी खोली, एसीचे डक्ट मोठे आणि हवा संथ, चिलर, म्हणजे एसीचं पाणी थंड करणारं मशीन, इमारतीपासून सुटं. एसी फार कोरडा-थंड ठेवलात तर तानपुरे लावता लावता कलाकार वैतागतो.

पाऊस मात्र सगळ्यात वाईट. जुलैत एका पत्र्याच्या हॉलमध्ये मी नाटक बघितलंय, नायिका रडतेय हे फक्त खांद्यांवरून कळत होतं. वर काँक्रीटचा स्लॅब, मध्ये पोकळी, खाली वेगळं लटकवलेलं जड छत, यात काटकसर नको. फॉयेच्या दारात 800 ओल्या छत्र्यांची सोय, खाली पाणी निथळायला जाळी, आणि रिक्षातून उतरणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर. रेनकोट घातलेली माणसं रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांत, कधीच नसतात, का ते कळत नाही.

खुला रंगमंच हवाच असेल तर संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो हे धरून चाला, स्टेज पश्चिमेला ठेवलं तर वारा आवाज प्रेक्षकांकडे आणतो, फक्त सूर्य बुडेपर्यंत तो डोळ्यात असतो, म्हणून कार्यक्रम सातनंतर. स्पीकर मात्र रात्री 10 ला बंद, त्यानंतर वाजवायची मुभा बंदिस्त सभागृहाला आहे, उघड्याला एरवी नाही.

शेवटचा हिशोब बायकांच्या टॉयलेटचा. 400 बायका, त्यातल्या निम्म्या इंटरव्हलला जाणार, 15 मिनिटं, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे एका टॉयलेटला फार तर सातजणी, म्हणजे 29 हवीत. तुमच्या प्लॅनमध्ये सहा असतात. आणि बटाटेवड्याचा काउंटर त्या रांगेपासून लांब काढा, कढईचा एक्झॉस्ट हॉलच्या एसीच्या तोंडाशी येणार नाही असा, नाहीतर दुसऱ्या अंकात मृत्यूच्या प्रवेशाला अख्ख्या बाल्कनीला लसणाच्या चटणीचा वास.