एकट्याने सायकलवर थर: पाण्याचा हिशेब आणि बाकीचं

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. वय त्रेपन्न. थरच्या वाळवंटात एकटा सायकल घेऊन दोनदा गेलो. पहिल्यांदा होळी उलटल्यावर निघालो आणि बिकानेर-फलोदी रस्त्यावर दुसऱ्याच दिवशी एका झाडाखाली आडवा झालो. दुसऱ्यांदा डिसेंबरात गेलो, तेव्हा बिकानेर, जैसलमेर आणि तिथून थेट सीमेजवळचं तनोट करून आलो. सायकल तीच होती, पायही तेच. बदललं ते खाली लिहितोय.

हंगामापासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं वाया. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. याच रस्त्यावरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदवलं गेलं, देशातला तो उच्चांक. मार्चअखेरीस तितकं नसतं, पण सायकलवाल्याला झोपवायला पुरतं. दिशाही महत्त्वाची. हिवाळ्यात तिकडे वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून बिकानेरहून जैसलमेरकडे निघायचं, उलटं नाही. सुमारे ३३० किलोमीटर आहेत. वारा पाठीशी असला की पाच-सहा दिवस लागतात, तोंडावर आला तर मोजू नका.

आता मुख्य गोष्ट, घाम. आपण ठाणेकर घामाला सरावलेलो. एप्रिलमध्ये माजिवड्याच्या सिग्नलला नुसतं उभं राहिलं तरी शर्ट पाठीला चिकटतो, हँडलवर थेंब पडतात, आणि मग आपण पाणी पितो. म्हणजे तहानेच्या आधी शर्टच आठवण करून देतो. थरमध्ये शर्ट कोरडाच. घाम तेवढाच येतो, पण कोरड्या हवेत बाहेर पडल्या पडल्या उडून जातो. मी तर पहिल्या दिवशी खूश होतो, काय छान हवा आहे म्हणून! दुपारी काळ्या टी-शर्टवर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या. ते मीठ होतं. मी नुसतं पाणी ढोसत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की पेडलवरून पाय काढता येईना.

खेजडीच्या झाडाखाली पडलो होतो. खेजडी म्हणजे आपल्या दसऱ्याची शमी. तिकडे सावली म्हणून बहुतेक तीच भेटते. शेळ्या चारणारे एक आजोबा आले, त्यांनी किटलीतलं ताक दिलं, वर खडेमीठ टाकलं आणि म्हणाले, "पाणी तो पियो, पण लूण कठै?" लूण म्हणजे मीठ. मी त्याच दिवशी टेम्पोत बसून बिकानेरला परतलो. ठाण्यात आल्यावर बायको म्हणाली, "अहो, वीस हजारांची सायकल नेलीत आणि मीठ न्यायला विसरलात?" उत्तर नव्हतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. पाणी तहानेवर प्यायचं नाही, घड्याळावर प्यायचं. दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. दिवसातला निम्मा वाटा तरी मीठ-साखरेचा. ओआरएसची पाकिटं घ्या. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने घालू नका, जास्त झालं तर उलट त्रास. लघवी गडद पिवळी होऊ लागली की थांबा, सावली शोधा आणि ती फिकी होईपर्यंत निघू नका.

हिशेब सोपा आहे. डिसेंबरात पेडल मारायच्या प्रत्येक तासाला मला अर्धा लिटर लागतं. सहा तासांचे तीन, संध्याकाळचा स्वयंपाक आणि रात्र मिळून दोन, आणि एक लिटर असं की जे तोडायचंच नाही. झाले सहा. तुमचं अंग वेगळं असेल, तर इथेच चार तास सायकल चालवून आधी आणि नंतर वजन करा, मधे प्यायलेलं पाणी त्यात धरा, आकडा कळेल. पण तो ठाण्याच्या हवेतला, तिकडे थोडा वाढवून धरा. पाण्याचं वजन पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही बाजूंना, खाली ठेवा. सगळं मागच्या कॅरिअरवर टाकलं की वाऱ्यात पुढचं चाक हलकं होऊन वळवळतं.

वाटेत मिळणारं पाणी बऱ्याचदा खारं असतं. हापशाचं किंवा बोअरचं पाणी आधी चाखा. वस्त्यांना तिकडे ढाणी म्हणतात, आणि ढाणीपाशी जमिनीत टांका असतो, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची झाकलेली टाकी. ते त्या घराचं वर्षाचं पाणी असतं. "राम राम सा" म्हणा, विचारा, देतील तेवढंच घ्या. मला कुणी नाही म्हटलं नाही, पण मीही कधी बाटलीपेक्षा मोठं भांडं पुढे केलं नाही.

टप्पे मी असे केले. बिकानेरहून पहिल्या दिवशी फक्त कोलायत, पन्नासेक किलोमीटर; तीर्थक्षेत्र आहे, धर्मशाळा मिळते. दुसऱ्या दिवशी बाप, हा लांबचा दिवस. तिसरा दिवस मुद्दाम छोटा, फलोदीपर्यंत, कारण शेजारच्या खिचन गावात हिवाळ्यात हजारो कुरजां उतरतात. आपल्याकडे करकोचे म्हणतात तेच. गावकरी त्यांना दाणे टाकतात. सकाळी पाहायला मिळालं तर अर्धा दिवस गेला तरी चालेल. मग रामदेवरा, तिथेही धर्मशाळा. पुढे पोखरण बारा किलोमीटरवर, आणि पोखरण ते जैसलमेर एकशे दहाच्या आसपास. हा टप्पा मी चांदण गावाजवळ मुक्काम करून दोन दिवसांत केला. उजाडतं उशिरा, डिसेंबरअखेर जवळजवळ साडेसातला. त्याआधी निघू नका. अंधारात हायवेवर गाई आणि उंट बसलेले असतात, आणि त्यांना मागे लाल दिवा नसतो.

इथवर दुकानं, ढाबे, ट्रक आहेत. खरं ओसाड लागतं ते जैसलमेरच्या पुढे. जैसलमेर-रामगढ-तनोट मिळून एकशे वीस किलोमीटर, आणि त्यातले रामगढनंतरचे साठेक असे की चहाची टपरीही धरून चालू नये. मी रामगढहून आठ लिटर घेऊन निघालो. रस्ता डांबरी आणि उत्तम आहे, पण धोऱ्यांवरून, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरून, वर-खाली जातो आणि मधेच वाळूची जीभ रस्त्यावर आलेली असते. ती दिसली की पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही. सरळ जाता आलं तर जा, नाहीतर उतरा. मी एकदा वळवलं, कोपर अजून दुखतं. तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं, १९६५ च्या युद्धातले न फुटलेले गोळे तिथे मांडलेत. आधार कार्ड वर ठेवा, तपासतात. त्यापुढे सीमेकडे परवानगीशिवाय जायचं नाही. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. परदेशी व्हिडिओ बघून तो मागवू नका. रामगढच्या बाजूला इंदिरा गांधी कालव्याच्या शाखा लागतात. पाणी बघून मोह होतो, पण सिमेंटच्या उतरत्या कडा शेवाळाने निसरड्या असतात. आत उतरू नका.

सायकल. हा माझा विषय, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या. ठाण्यात आपला शत्रू गंज, म्हणून आपण चेनला भरपूर ओलं तेल पाजतो. तिकडे त्याच तेलात वाळू बसते आणि चेन कानशीसारखी दातांना घासते. निघण्याआधी चेन रॉकेलने स्वच्छ धुवून मेणाचं कोरडं वंगण लावा, रोज संध्याकाळी फडक्याने पुसा. टायर ४० मिलिमीटरच्या खाली नको. ट्यूब तीन, पॅच भरपूर. रस्त्याकडेला आपला सराटा, म्हणजे गोखरू, पसरलेला असतो, आणि मोजे धरणारं भुरट नावाचं गवतही. लघवीला थांबलात तर सायकल डांबरावरच उभी करा, खाली ढकलू नका. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवा. काटा आतच असतो आणि दुसरी ट्यूबही खातो.

तुमचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असेल तर ट्रकवाल्याच्या दुकानातला हवेचा पाइप त्यावर बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, पाच-पन्नास रुपयांची वस्तू. मी तो लेथवर स्वतःच काढला, आणि एक जास्तीचा बापमधल्या पंक्चरवाल्याला देऊन आलो. कॅरिअरच्या प्रत्येक बोल्टला आटे पकडून ठेवणारा निळा गोंद लावा. मागचा गिअर ज्या कानावर टांगलेला असतो तो कान प्रत्येक सायकलचा वेगळा, जैसलमेरातही मिळणार नाही. एक जास्तीचा न्या. मी बोरिवलीहून गाडी पकडतो, त्यासाठी सायकल खोलावी लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, जोर लावून क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, खराब करू नका.

सरावासाठी आपल्या येऊरचा डोंगर नको. चढ चढला की उतारावर पाय थांबतात. बिकानेर ते जैसलमेर तसं सुख नाही. मी रविवारी दुपारी नवी मुंबईच्या पाम बीच रोडला जायचो, खाडीचा वारा तोंडावर घेत वाशी-बेलापूर फेऱ्या, तीन तास पेडल न थांबवता. पायांपेक्षा बैठक आधी बोलते. दर वीस मिनिटांनी सीटवरून उठायची सवय तिथेच लावा.

घरच्यांशी ठराव आधीच करा. आमचा असा: रोज संध्याकाळी मुक्कामाचं आणि उद्याच्या गावाचं नाव पाठवायचं. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत काही आलं नाही तर बायको आधी त्या गावच्या धर्मशाळेत फोन करणार, मग पोलिसांना. तनोटच्या आधी "उद्या रेंज नसेल" हे मी वेगळं कळवलं होतं. तरी तिने त्या रात्री झोप काढली नाही, ते वेगळं.

परत आल्यावर सायकल तशीच बाल्कनीत ठेवू नका. वाळूत मीठ असतं आणि ठाण्याची दमट हवा लागली की आठवड्यात बेअरिंग बसतात. मी दोन्ही हब आणि क्रँकचं बेअरिंग उघडून धुतलं, तर ट्रेमध्ये चमचाभर वाळू निघाली. भुरटाचे मोजे मात्र स्टेशनवरच टाका. आमच्या सोफ्यात अजून सापडतात.